माडावर चढायचं यंत्र: एका वाडीवालीचं परीक्षण

ज्यांच्या वाडीत दहा-वीस तरी माड आहेत आणि नारळ उतरवायला माणूस मिळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमची वाडी वेंगुर्ल्याच्या बाजूला. चाळीसेक माड, बहुतेक बाणवली म्हणजे उंच जातीचे, त्यातले निम्मे सासऱ्यांच्या हातचे. वाडी मी बघते. नवरा तालुक्याच्या गावी नोकरीला जातो, संध्याकाळी आणि रविवारी हाताशी असतो. माडावर चढायचं यंत्र, गावात सगळे त्याला शिडीच म्हणतात, आम्ही मागच्या पावसाळ्यानंतर घेतलं. त्यावर चढते ती मी. कंपनीचं नाव देत नाही, कारण एकाच धाटणीची यंत्रं बरेच जण बनवतात आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू आहे.

आधी गरज का पडली ते. माडाला साधारण महिन्याला एक नवं झाप म्हणजे झावळी येते आणि तिच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा. पोय उघडल्यापासून नारळ पक्का व्हायला वर्ष लागतं, पण चांगल्या माडावर दर महिन्याला एक घड तयार होत राहतो. म्हणजे दीड-दोन महिन्यांनी माड उतरवायलाच हवेत. नाही उतरवले तर वानर शहाळी फोडतात, उंदीर नारळ पोखरतात, सुकी झापं लटकत राहतात आणि पक्के नारळ घराच्या कौलांवर नाहीतर गोठ्यावर पडतात. आमच्या गावात एके काळी पाच-सहा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारे, होते. आता एक उरला आहे, साठी ओलांडलेला. त्याला तीन गावांच्या वाड्या. दोन महिन्यांचं काम चार-पाच महिन्यांवर गेलं होतं.

आणि हे अशा मुलखात, जिथे घरं बायकाच चालवतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात पुरुषांपेक्षा बायका जास्त असलेले जिल्हे दोनच होते, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला गावी. वाडीला पाणी लावणं, आळी करणं, शेणखत घालणं, पडलेले नारळ गोळा करणं, सोलणं, झापं विणणं, हीर काढून खराटे बांधणं, हे सगळं बायकांनी करायचं. फक्त चाळीस फूट वर जायचं तेवढं पुरुषाचं काम. आणि सगळा पैसा त्या चाळीस फुटांवर अडकलेला.

आता यंत्र. दिसायला साधं आहे. लोखंडी पाइपाच्या दोन चौकटी, एक डाव्या बाजूची, एक उजव्या. प्रत्येकीला वर धरायला मूठ, खाली पाय ठेवायची पट्टी, आणि खोडाभोवती घालायची तारेची दोरी, तिच्यावर रबराचं आवरण. पट्टीवर आपलं वजन पडलं की तार खोडाला आवळते आणि चौकट जागच्या जागी घट्ट बसते. पायावरचं वजन काढून मूठ वर ओढली की तार सैल होते आणि चौकट वर सरकते. डावा पाय-डावा हात, उजवा पाय-उजवा हात, असं करत वर. ताकद लागते ती दंडाला कमी आणि मांड्यांना जास्त. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या एम. जे. जोसेफ नावाच्या शेतकऱ्याने ही रचना काढली, म्हणून तिला चेंबेरी मॉडेल म्हणतात.

दुसरा प्रकार बसून चढायचा. त्याला वरच्या चौकटीला बसायची जागा असते, खालच्या चौकटीत पाय अडकवायचे. बसायचं, पाय वर ओढून घ्यायचे, उभं राहायचं, बैठक वर सरकवायची, परत बसायचं. अळी जशी अंग आकसून पुढे सरकते तसं. वेग कमी, पण वर पोहोचल्यावर दोन्ही हात मोकळे राहतात आणि बसून काम करता येतं. मी दोन्ही प्रकार प्रशिक्षणात वापरून पाहिले. ज्यांना फक्त आपल्या घरचे माड उतरवायचेत त्यांनी बसायचं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. मी उभ्याचं घेतलं, कारण मला दुसऱ्यांच्या वाड्याही करायच्या होत्या आणि एका दिवसात जास्त माड व्हायला हवे होते.

प्रशिक्षणाशिवाय हे यंत्र विकत घेऊ नका. केरळातही पाडेली मिळेनासे झाले तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ साली 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' नावाचा सहा दिवसांचा वर्ग सुरू केला. तरुण पोरं या धंद्यात यावीत हा हेतू. वर्गाला बायकाही आल्या, शिकल्या आणि काहींनी त्यावर संसार उभे केले. शिकलेल्यांसाठी मंडळाची विम्याचीही योजना आहे, केरा सुरक्षा नावाची. आपल्याकडे कृषी विद्यापीठ आणि कृषी विज्ञान केंद्रं असे वर्ग घेतात. चढायला जितका वेळ शिकवतात तितकाच उतरायला शिकवतात, आणि ते बरोबर आहे. चढताना डोळे वर असतात. उतरताना पाय दिसत नाहीत, तार हाताने नाही तर पायानेच ओळखावी लागते. पहिल्यांदा उतरताना माझ्या पोटऱ्या इतक्या थरथरत होत्या की मधे थांबून पट्ट्याच्या आधाराने श्वास घ्यावा लागला.

मुख्य तक्रार मापाची आहे, आणि ती मी जरा सविस्तर सांगणार आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. उभ्याच्या यंत्रात मूठ माझ्या कपाळाच्या वर येते. म्हणजे दर पावलाला हात डोक्याच्या वर जातो आणि खांदा भरून येतो. पाय अडकवायचा पट्टा इतका मोठा की माझं पाऊल आत खेळतं. सोबत आलेला सुरक्षेचा पट्टा एकाच मापाचा, आणि छातीवरून जाणारी पट्टी जिथून जाते तिथून ती कुठल्याही बाईला जाऊ देता येणार नाही. ती सैल केली तर पट्टा निकामी, घट्ट केली तर श्वास घेता येत नाही. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, बायका घेत नाहीत ना ताई, म्हणून एकच माप येतं.

मला हा मुद्दा बायकांचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण पुढे काय झालं ते सांगते. आमचे पाडेली मामा, म्हणजे गावात उरलेला तो एकटा पाडेली, यंत्र बघायला आले. जन्मभर नुसत्या पायाने, घोट्यात दोरीचा फास अडकवून चढलेला माणूस. त्यांना मी म्हटलं, मामा, तुम्ही चढून बघा. ते चार पावलं चढले आणि त्यांनीही मूठ उंच पडते म्हणून तोंड वाकडं केलं. मामांची उंची माझ्याएवढीच. कोकणात त्याच अंगाचे पुरुष पुष्कळ. पट्टा त्यांच्याही खांद्यावरून घसरत होता. म्हणजे 'पुरुषांचं माप' म्हणून जे कारखान्यात ठरलं, ते कुठल्यातरी एकाच धिप्पाड पुरुषाचं माप होतं. मूठ खाली-वर करता येईल अशी खाच माझ्यासारखीने मागितली असती तर ती मामांच्याही कामाला आली असती. आम्ही शेवटी वेल्डिंगवाल्याकडून मुठीला खाली दुसरी जागा करून घेतली. पट्ट्याला मात्र हात लावला नाही. बांधकामावर वापरतात तसा पूर्ण अंगाचा, सगळीकडून आवळता येणारा लहान मापाचा पट्टा वेगळा घेतला. तो खर्च यंत्राच्या किमतीत धरा.

कपड्यांवरून बोलणं झालंच. साडीत किंवा गाऊनमध्ये हे काम करता येत नाही, करूही नये, कापड तारेत अडकतं. मी जाड पँट, नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला घट्ट फडका असा वेष करते. पहिल्या दिवशी शेजारच्या अंगणातून दोघी-तिघी बघत होत्या. खाली पोरं उभी असताना बाई वर, बरं दिसतं का, असं एकीने सासूबाईंना ऐकवलं. माझ्या सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी खराटा बांधता बांधता उत्तर दिलं, "आमी काष्टो मारून ढोपराभर चिखलात उभी रवायचव, तेवा कोणाक लाज वाटाक नाय?" भातलावणीच्या वेळी पोटऱ्या उघड्या पडलेल्या चालतात, कारण ते काम बायकांचं. तेच पाय पूर्ण झाकून माडावर गेले की चर्चा. त्यानंतर ती चर्चा आमच्या अंगणात तरी परत झाली नाही.

बाई चढली की माड फळ गाळतो, असंही काही जण म्हणाले. सासूबाईंनाही ते लहानपणापासून ऐकून माहीत होतं आणि त्यांना थोडी धाकधूक होतीच. माडाची केंडली, म्हणजे कोवळी बारकी फळं, गळतात ती परागीभवन नीट न झाल्याने, पाणी आणि पालाश कमी पडल्याने, किंवा इरिओफाईड कोळ्यामुळे. हे कोळी इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, फळाच्या टोपीखाली रस शोषतात आणि नारळ खरबरीत, लहान राहतो. फळावरच्या त्यांच्या खुणा मी सासूबाईंना टोपी काढून दाखवल्या. एका बुंध्याशी गळालेली केंडली घेऊन आम्ही दोघी बसलो आणि एकेक उलटी करून बघितली. त्यांनी ते मान्य केलं, आणि ही गोष्ट त्यांच्या वयाच्या बायकांना त्यांनीच सांगितली. माझ्या सांगण्याला तेवढं वजन आलं नसतं.

शेंड्यात पोहोचल्यावर जे दिसतं त्याबद्दल लिहायलाच हवं, कारण यंत्राची खरी किंमत मला तिथे कळली. खालून माड बघणं आणि शेंड्याशी उभं राहून बघणं यात फार फरक आहे. इतकी वर्षं मी या माडांना खत घालत होते आणि त्यांचं डोकं कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्याच माडावर कोंबाच्या बुडाशी गेंड्या भुंग्याची भोकं होती, चावलेला भुसा बाहेर आलेला. उलगडलेल्या झापांवर त्रिकोणी कापलेले तुकडे मी खालून कैकदा पाहिले होते. आकडा घालून भुंगा तिथेच ओढून काढला, वरच्या झापांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू मिसळून भरली. कुठला घड पक्का, कुठला अजून महिनाभर थांबेल, हे मामांनी शिकवलं. नारळाचा रंग बघायचा आणि कोयत्याच्या पाठीने वाजवून आवाज ऐकायचा. सुकी झापं आणि जुन्या वाळलेल्या पोया काढून शेंडा साफ केला की माडाला मोकळं वाटतं, असं मामा म्हणतात. पाडेली घाईत असायचा, त्याला झाडामागे पैसे, त्याने कशाला भुंगे शोधत बसावं? जिची वाडी तीच वर गेली की ती बघते. या हंगामात आमचे दोन माड तरी त्यामुळे वाचले.

आता नवऱ्याबद्दल, त्याला विचारून लिहिते आहे. त्याला उंचीची भीती आहे. गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं तरी त्याच्या तळव्यांना घाम फुटतो. कोकणातल्या माडवाल्याच्या घरी जन्मून ही भीती घेऊन मोठं होणं काय असतं ते मला लग्नानंतर कळलं. पाडप म्हणजे नारळ उतरवायची वेळ आली की चुलत भाऊ, काका, शेजारी, कोणीतरी म्हणायचंच, घरात बाप्या असून पाडेल्याची वाट बघता? हसण्यावारी जायचं सगळं, पण तो त्या दिवशी जेवायचा नाही नीट. मी चढायला लागल्यावर लोकांना वाटलं त्याची मान खाली जाईल. झालं उलटं. आता खालचं सगळं काम त्याचं. चढायच्या आधी तार, हूक, रबर, पट्ट्याचे कुलूप एकेक करून तोच तपासतो. त्याने यादी करून यंत्राच्या पेटीत चिकटवली आहे आणि ती पूर्ण झाल्याशिवाय मला पाय ठेवू देत नाही. भित्रा म्हणून ज्याला हिणवलं त्याच्यासारखा तपासणारा दुसरा कोणी मला मिळाला नसता. रविवारी पाडप असली की पेज आणि आमटी तोच करतो, कारण मला उतरल्यावर तासभर हात वर करवत नाहीत.

आणि मामा. गेली कित्येक वर्षं मी त्यांना 'चढायला या' एवढंच सांगत आले. यंत्र शिकताना आम्ही पहिल्यांदा बसून बोललो. बारा-तेराव्या वर्षी त्यांना बापाने माडावर चढवलं. "माका कोणी इचारूक नाय, तू भियातंस काय म्हणान. झील मां तू, चढ." झील म्हणजे मुलगा. त्यांचा थोरला भाऊ माडावरून पडून उरलेलं आयुष्य अंथरुणात काढून गेला. मामांच्या छातीवर आणि पायांच्या आतल्या बाजूला कातडी इतकी जाड आणि काळी झालेली आहे की तिथे स्पर्श कळत नाही. त्यांचा मुलगा गोव्यात हॉटेलात काम करतो. तो चढायला शिकला होता, पण माड चढणाऱ्याला मुलगी कोणी देईना, तेव्हा त्याने कोयता ठेवला तो कायमचाच. ज्या रिवाजाने मला चढायची बंदी केली त्याच रिवाजाने मामांना चढायची सक्ती केली. एकाला वर ढकललं, दुसरीला खाली रोखलं, आणि दोघांनाही विचारलं नाही. स्त्री-पुरुष समानता ही बायकांची मागणी आहे असं समजणाऱ्यांनी मामांशी एकदा बोलावं.

मी चढायला लागल्याने त्यांची कमाई बुडेल का, हा प्रश्न मला सतावत होता आणि मी तो त्यांनाच विचारला. वाकडे माड यंत्राने करता येत नाहीत, ते अजूनही मामाच करतात, आणि दर आधीपेक्षा जास्त घेतात. शिवाय मला आणि वाडीतल्या आणखी दोघींना त्यांनी शिकवलं त्याचे पैसे आम्ही दिले. फुकट शिकवायला ते तयार होते, पण ते त्यांचं कसब आहे.

माझा एक भाचा मुंबईत असतो, हुशार आहे. फोनवर फोटो बघून म्हणाला, मामी, आता शोभतेस खरी स्त्रीवादी. बायका नुसती समानता मागतात, आधी माडावर चढून दाखवा. हे वाक्य मी पूर्वीही कितीदा ऐकलं आहे, कधी माडाऐवजी गॅसचा सिलिंडर असतो, कधी गोणी. त्याला मी जे सांगितलं ते इथेही सांगते. समानता माडावर चढून मिळवायची गोष्ट असेल तर तुझ्या मामाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ती कधीच मिळणार नाही. माझ्या जावेला चढायचं नाही, तिला चक्कर येते. म्हणून पाडपाच्या हिशेबात, घरातल्या निर्णयात तिचा शब्द कमी का व्हावा? चढण्याची हौस आणि अंगात ताकद असलेल्याला चढता यावं, नसलेल्याला न चढता सन्मानाने राहता यावं, मग तो बाप्या असो की बाई. भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ऑफिसात त्याने बाळासाठी सुट्टी मागितली तेव्हा साहेब म्हणाले होते, तुझी बायको काय करते? मी म्हटलं, हे तेच.

दुसऱ्यांच्या वाडीत पहिल्यांदा गेले तेव्हा दरावरून अडलं. मामांना माडामागे शंभर देणारे माझ्यासमोर साठवर आले. कारण काय, तर तू यंत्रावर चढतेस आणि बाईमाणूस आहेस. मी म्हटलं, नारळ तेवढेच उतरतात, शेंडा साफ होतो तो वेगळा, आणि वरून पडले तर माझं हाड काही साठ रुपयांचं मोडणार नाही. सारख्या कामाला सारखा मोबदला हा कायदा या देशात १९७६ पासून आहे. मी शंभरच घेते. त्यांतल्या एकाने महिनाभर वाट बघितली, नारळ कौलांवर पडले, मग स्वतःच बोलवायला आला. मी दर कमी केला असता तर पुढच्या हंगामात मामांनाही कोणी साठच दिले असते. बाईला स्वस्तात राबवलं की बाप्याचीही मजुरी खाली येते, हे आमच्या वाडीतल्या गड्यांनाही आता पटलेलं आहे.

पैशांचा दुसरा अनुभव सातबाराचा. अवजारांसाठी केंद्राचं यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ पासून आहे. त्यात लहान आणि सीमांत शेतकरी, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला शेतकरी यांना बऱ्याच अवजारांवर ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान. वाचून बरं वाटलं. पण अर्जाला लागतो सातबारा, आणि आमच्या सातबारावर सासरे, त्यांचे भाऊ, त्यांचे मुलगे अशी पुरुषांची भली मोठी यादी. त्यातले निम्मे हयात नाहीत, उरलेले मुंबईत. नणंदांनी केव्हाच हक्कसोडपत्रावर सह्या केलेल्या. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, साऱ्या देशात २००५ साली झाला, पण सही मागायची रीत तशीच. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदार शेतकऱ्यांत बायका १४ टक्क्यांच्या आसपास होत्या. राबणाऱ्या किती असतील ते ज्याने त्याने आपल्या घरात मोजावं. शेतकरी संघटनेत शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला होता, नवऱ्यांनी राजीखुशीने बायकोच्या नावावर जमीन करून द्यावी म्हणून. त्याला पस्तीसेक वर्षं झाली. आमच्या घरचं नुकसान बघा. ज्यांची नावं आहेत ते अर्ज करायला इथे नाहीत, जी इथे आहे तिचं नाव नाही, आणि अनुदान कोणालाच मिळालं नाही. आम्ही यंत्र बचत गटातून कर्ज काढून पूर्ण किमतीला घेतलं. पुढच्या गणपतीला सगळे भाऊ जमतील तेव्हा वाटणी करून माझं आणि जावेचं नाव लावायचं ठरलं आहे, आणि नणंदांना त्या बैठकीला बोलावलं आहे.

घेणाऱ्यांसाठी उरलेलं. यंत्र आम्हाला साडेतीन हजारांच्या आत-बाहेर पडलं, पूर्ण अंगाचा पट्टा वेगळा. वजन दहा किलोच्या आसपास, एकटी खांद्यावर टाकून वाडीभर फिरवता येतं. माड वर निमुळता होतो, त्यामुळे बुंध्याशी बरोबर बसलेली तार वर सैल पडते आणि पट्टी खाली झुकते. अर्ध्यावर थांबून, सुरक्षेचा पट्टा खोडाला अडकवून मगच तार कमी करायची. ही पायरी कधीही गाळू नका. पावसात खोडावर शेवाळ धरतं, तेव्हा चढू नये. मिरीचा वेल सोडलेल्या माडावर, वाकड्या माडावर आणि विजेची तार जवळून गेलेल्या माडावर हे यंत्र वापरू नका. रबराचं आवरण झिजलं की लगेच बदला. तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर तार बाद. शेंड्याच्या खाली यंत्र थांबतं, तिथून घडापर्यंत हात पुरत नसेल तर लांब दांड्याचा कोयता घ्या, वर वाकून ताणू नका. बुटक्या जातीच्या माडांना याची गरज नाही.

पाच पैकी गुण द्यायचे तर कामाला साडेचार, मापाला दोन. माप सुधारायचं असेल तर घेणाऱ्यांनी मागायला हवं. विकणाऱ्याकडे गेलात की मूठ खाली-वर होते का आणि पट्टा लहान मापात आहे का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा, पुरुषांनीही विचारा. घ्यायचं तर दसऱ्याच्या सुमाराला, पाऊस ओसरल्यावर घ्या, म्हणजे सरावाला कोरडे माड मिळतात. आणि प्रशिक्षणाला घरातल्या दोघांची नावं घाला, एक चढायला, एक खाली हूक तपासायला. कोण वर आणि कोण खाली, ते घरात बसून ज्याचं त्याला विचारून ठरवा.